दोन पुऱ्या

त्या पोस्टकार्डाला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं अण्णासाहेब तीन वर्षं स्वतःला सांगत आले होते. राहून जाणं निराळं आणि न देणं निराळं, एवढं कळण्याइतकी पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेली होती. कॉलेजच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं दुसरं केलं काय? तरी मनाशीसुद्धा ते 'राहून गेलं' असंच म्हणत. कार्ड कपाटात शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात होतं. ते काढून बघायची गरज नव्हती. सांचीनं, त्यांच्या नातीनं, आठ वर्षांची असताना मंठ्याहून पाठवलेलं. आधी पट्टीनं पेन्सिलीच्या रेघा मारून, त्यावर निळ्या शाईत लिहून, मग रेघा खोडलेल्या. रेघा गेल्या होत्या, पण खोडताना कार्डाचा गुळगुळीतपणाही गेला होता. बोट फिरवलं की अक्षरं कुठून कुठवर चालली ते डोळे मिटूनही समजायचं. अण्णासाहेबांनी पुष्कळदा तसं बोट फिरवलं होतं. उत्तर मात्र राहून गेलं.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला फाटकाची कडी वाजली नसती, तर ते आणखी किती वर्षं राहिलं असतं कोण जाणे. समोरच्या घरातली मंजू आली होती. त्यांचं कुटुंब राजस्थानातलं, जैन. चार पिढ्यांपासून जालन्यात. सासरे भंवरलाल यांची मोंढ्यात धान्याची आडत होती. मंजू घरात मारवाडी बोले, गल्लीत जालन्याची मराठी, आणि दोन्ही सारख्याच वेगानं.

"अण्णासाब, रविवारी नमनचा बर्थडे हाय. दोघांनी यायचं. चार वाजता, टायमावर बरं का, आमचे बाबूजी दिवस मावळल्यावर तोंडात पाणी पण घेत न्हाईत." मग तिनं हातातला फोन उघडला, काहीतरी टिपून घ्यायच्या तयारीनं. "आन एक इचारायचं होतं. नमनच्या वर्गातल्या एका लेकराला गहू चालत न्हाई. बिलकुल न्हाई, कण पण न्हाई. त्याची मम्मी म्हनली, तो येनार न्हाई, उगं तुम्हाला तरास. मी म्हनलं, असं कसं येनार न्हाई? मंग आठवलं, तुमच्या नातीला पण तसंच हाय ना? ती काय खाते हो पार्टीत? काय आवडतं तिला?"

अण्णासाहेबांनी तोंड उघडलं. या आजाराबद्दल त्यांना इतकं माहीत होतं, की फाटकापाशी उभं राहून ते अर्धा तास बोलू शकले असते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी लव असते, गव्हातल्या एका चिकट द्रव्यानं ती झडत जाते, मग खाल्लेलं अंगी लागत नाही, हे त्यांनी वाचलं होतं, छापील कागदांवर लाल पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. पण सांचीला काय आवडतं? मंजू वाट बघत होती. तिचा अंगठा फोनवर टेकलेला. समोरून एक मोटरसायकल गेली, कोपऱ्यावर रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. अण्णासाहेबांच्या डोक्यात नातीच्या आवडीच्या एकाही पदार्थाचं नाव येईना. आठ वर्षांच्या सांचीला खीर आवडायची, तिच्यावरची साय ती आधी खायची. पण ती सांची आता कुठं होती? आताची अकरा वर्षांची. तिची उंचीसुद्धा त्यांना फोटोतूनच माहीत होती.

"मी... विचारून सांगतो," ते म्हणाले.

"जल्दी सांगा हं. सामान आणायचंय." ती गेली. फाटकाची कडी अण्णासाहेबांच्या हातात तशीच राहिली.

"कोण आल्तं?" आतून बेबीनंदाबाईंनी, त्यांच्या पत्नीनं, विचारलं. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या.

"मंजू. तिच्या नमनचा वाढदिवस आहे."

"मंग त्याला असं तोंड कामून केलं? तुम्हाला काय नाचाया बोलावलंय का?"

एरवी ते हसले असते. आत जाऊन त्यांनी खुर्चीवर पेपर उघडला आणि पेपराच्या आड बसले. ही त्यांची जुनी सवय. नोकरीत असताना पुस्तकांच्या मांडण्यांआड, आता पेपराआड. माणसांशी बोलायचा त्यांना धाक वाटे. बोललेलं चुकेल, चुकलेलं समोरच्याला लागेल, लागलेलं परत घेता येणार नाही. सगळ्या आयुष्यात ते आपणहून उठून, चार माणसांदेखत, एकदाच काही बोलले होते. फक्त एकदाच. आणि त्या एका वेळेचं काय झालं ते ह्या घराच्या भिंतींना माहीत होतं.

सांची सहा वर्षांची होती तेव्हा आजाराचं निदान झालं. हातपाय काटक्या, पोट पुढे, शाळेत बाकावर डोकं टेकून झोपायची. राजानंद आणि प्रीती, त्यांचा मुलगा आणि सून, दोघंही मंठ्याला शिक्षक. वर्षभर डॉक्टर फिरले आणि शेवटी संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गहू बंद, जन्मभर. बेबीनंदाबाई म्हणाल्या होत्या, "गहू सोसत न्हाई? आपल्याला मिळत नव्हता तवा बरा सोसत होता!" त्यात राग नव्हता, नुसतं नवल होतं. अण्णासाहेबांना मात्र ते नवल आत कुठंतरी रुतलं. ज्वारी सोसते, बाजरी सोसते, तांदूळ सोसतो. जे खाऊन ते स्वतः वाढले, जे खाताना दुसऱ्यांपासून ताट लपवावंसं वाटायचं, तेच नातीच्या नशिबी परत आलं. तिला काही बाधलं असेल तर ते आपल्याच रक्तातून, असं ते कोणी न विचारता मनात कबूल करून बसले. त्यांनी वाचायला घेतलं, समजून घेतलं. प्रीती खूश होती. म्हणायची, "बाबांना सगळं माहीत आहे, बाबांकडे सांचीला ठेवायला मला काळजी नाही." सगळं माहीत होतं. न कळल्याचा आडोसासुद्धा नंतर घेता आला नाही.

आठवा वाढदिवस जालन्याच्या घरी करायचं ठरलं, इथं अंगण मोठं म्हणून. गल्लीतली मुलं, नात्यातली मुलं, तीस-पस्तीस तरी. आदल्या आठवड्यात प्रीती इथं बसून, ह्याच खुर्चीसमोर, म्हणाली होती, "बाबा, मी म्हणते सगळ्यांनाच ज्वारीची भाकरी, पिठलं, भात आणि तांदळाची खीर करू. ज्वारी मी घरून दळून आणते. मग सांची पंगतीत बसेल." बेबीनंदाबाईंनी कपाळावर हात मारला होता. "वाढदिवसाला भाकर-पिठलं! लोक म्हनतील पोराची नोकरी गेली. अगं, म्या जल्मभर थापल्या भाकरी. आता पाहुण्याला बी त्याच घालू?" प्रीती हसली, पण बघितलं तिनं अण्णासाहेबांकडे. या घरात शेवटचा शब्द त्यांचा असे, ते फारसे शब्द वापरत नसत म्हणूनच असेल. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "पुरी असू दे गं. मुलांना पुरी लागते."

मुलांना. कोणत्या मुलांना? आता पेपराआड बसून त्यांना स्वच्छ दिसत होतं, की त्या क्षणी डोळ्यांसमोर गल्लीतलं एकही मूल नव्हतं. होता तो आष्टीच्या शाळेतला नऊ वर्षांचा मुलगा. चौथीत वर्गाचा निकाल चांगला लागला म्हणून गुरुजींनी मुलांना जेवण दिलं होतं. पुरी आणि काशीफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. कढईतून पुरी फुगून वर येताना त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली आणि त्याला वाटलं, हिच्या आत काहीतरी असणार. पंगत बसली. तो बसायला गेला तेव्हा गुरुजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. गुरुजी चांगले होते. वह्या द्यायचे, त्याचं अक्षर इतरांना दाखवायचे. ते म्हणाले, "तू तिकडं बस बाळा, चाफ्याखाली. तुझं वेगळं ठेवलंय." आवाजात माया होती. कोणी हाकललं असतं तर तो रडला असता, घरी जाऊन आईला सांगितलं असतं. पण मायेला काय करायचं? चाफ्याखाली एक पत्रावळ होती, तिच्यावर दोन पुऱ्या, इतरांपेक्षा मोठ्याच. तो म्हणाला, "गुरुजी, मला भूक न्हाई." मग पुढे दर लग्नात, दर बारशाला, मित्रांच्या घरी, तालुक्याच्या हॉस्टेलात पहिल्या दिवशीसुद्धा, भूक न्हाई. इतक्या वेळा म्हटलं, की खरोखरच भूक लागायची बंद झाली. आयुष्यभर बेबीनंदाबाई म्हणत राहिल्या, ह्यांचं जेवण चिमणीएवढं.

वाढदिवसाच्या दिवशी पुऱ्यांचा वास फाटकापर्यंत आला होता. मुलं दोन रांगांत बसली, मध्ये रांगोळी, वर फुगे. प्रीतीनं सांचीला पाण्याच्या टाकीजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, मांडीवर स्टीलचा डबा दिला. "तू इथं बस बाळा. तुझं वेगळं आणलंय ना आपण." अण्णासाहेब दारात उभे होते. तेच शब्द, तीच माया. वाढदिवस जिचा, तीच टाकीपाशी. डोक्यावर सोनेरी कागदाची टोपी, आणि टोपीचा दोरा हनुवटीत रुतलेला. ती रांगेकडं बघत नव्हती. डब्याचं झाकण उघडून आत बघत होती, जणू आत भाकरीशिवाय आणखी काही असेल. तीस-पस्तीस मुलांच्या गोंगाटात ती तेवढी गप्प होती. अण्णासाहेबांना त्या वेळी काय झालं हे ते पुढे कोणालाच सांगू शकले नाहीत. पाय आपोआप चालले. त्यांनी तिच्या मांडीवरचा डबा उचलून टाकीवर ठेवला, तिचा हात धरला, रांगेत दोन मुलांना सरकवून तिला बसवलं, पुढे पत्रावळ मांडली आणि स्वतःच्या हातानं दोन पुऱ्या वाढल्या. आणि मोठ्यानं म्हणाले, सगळं अंगण ऐकेल असं म्हणाले, "आपल्या घरात कुणाचं ताट वेगळं नसतं."

सांचीनं वर बघितलं. ती नजर त्यांना आनंदाची वाटली. किती तरी दिवस ते त्या नजरेच्या आधारावर जगले, आणि मग पोस्टकार्ड आलं. "खा," ते म्हणाले. तिनं पुरीचा तुकडा मोडला, त्यांच्याकडं बघितलं, खाल्ला. दुसरा मोडला, बघितलं, खाल्ला. दोन्ही पुऱ्या तिनं तशा संपवल्या. अण्णासाहेब समोर उभे होते, छाती भरून आलेली, साठ वर्षांत पहिल्यांदा त्यांना सणसणून भूक लागलेली.

प्रीती खिरीचं पातेलं घेऊन बाहेर आली. पातेलं तिनं जमिनीवर ठेवलं, सावकाश, न सांडता. "बाबा. काय केलंत?" कोणी तरी मूल हसलं. "तुम्हाला माहीत होतं ना, बाबा?" त्यांच्या तोंडून निघालं, "एखाद्या दिवशी..." एवढंच. दिवस कलायच्या आत उलट्या सुरू झाल्या. पहिल्या दोन वेळा सांचीनं बादली स्वतः धरली, मग हातात बळ राहिलं नाही. दवाखान्यात सलाईन, दोन दिवस. पुढे कित्येक आठवडे पोट दुखायचं, शाळा बुडाली, जेमतेम चढलेलं वजन उतरलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात प्रीती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली होती. ती कधी चढ्या आवाजात बोलत नसे, तेव्हाही नाही. "बाबा, तुमचं दुखणं मला माहीत आहे. माझ्या माहेरीही ते आहेच की. पण त्याचं औषध माझ्या पोरीच्या पोटात कशाला घातलं?" ते खरंच होतं. त्यानंतर मंठ्याहून येणं कमी झालं, मग थांबलं. भांडण कोणी केलं नाही. सणाला राजानंद एकटा यायचा, तासभर बसायचा, गाडीची वेळ झाली म्हणायचा.

आणि दीड महिन्यानं पोस्टकार्ड. पोस्टमननं ते कठड्यावर ठेवलं होतं.

"प्रिय आजोबा, बाईंनी सर्वांना आजी-आजोबांना पत्र लिहायला सांगितले आहे. मी बरी आहे. तुम्ही कसे आहात? पुरीत गहू असतो हे मला माहीत होते. तुम्ही खूप खूश दिसत होते म्हणून मी खाल्ली. चूक माझी पण आहे. तुम्ही रडू नका. आईला सांगू नका. उत्तर पाठवा. उत्तर आले की बाई वर्गात वाचून दाखवणार आहेत. तुमची सांची."

त्या दिवशी अण्णासाहेब कपाटाचं दार उघडून त्याच्यामागे उभे राहिले होते, किती वेळ कोण जाणे. ती नजर आनंदाची नव्हती. ती विचारत होती. प्रत्येक घासाला विचारत होती, आजोबा, खाऊ ना? आणि ते प्रत्येक घासाला हो म्हणत होते. गुरुजींना त्यांनी 'भूक नाही' म्हटलं होतं, तेवढी तरी जागा त्यांच्याजवळ होती. आपण नातीला तेवढीही ठेवली नाही. मायेपुढे तिनं खाऊन टाकलं.

उत्तर त्यांनी लिहिलं नव्हतं असं नाही. पहिलं चार पानांचं झालं. त्यात आष्टी होती, चाफा होता, गुरुजी होते. वाचल्यावर कळलं, की आठ वर्षांच्या मुलीला लिहिलेल्या पत्रात ती स्वतः चौथ्या पानावर येते. फाडलं. दुसऱ्यात आतड्यांची माहिती होती, तेही फाडलं. तिसऱ्यात नुसतं 'मला माफ कर' होतं. ते त्यांना भीक मागितल्यासारखं वाटलं, आणि पोरीनं माफ केलंच आहे, आता तिच्याकडून ते पुन्हा काय म्हणून मागायचं? शिवाय वर्गात वाचणार. शिवाय आईला सांगू नका म्हणते, आणि कार्ड तर उघडं. बंद पाकीट घालावं तर प्रीतीला वाटेल म्हातारा पोरीशी चोरून काय बोलतो. दरेक शब्दाला दुसरी बाजू निघे. दिवाळीची सुट्टी झाली, शाळेचं सत्र बदललं, वर्ग बदलला. मग उशीर झाला होता, आणि उशीर झाल्यावर उशिराचीच लाज वाटायला लागली.

पेपर खाली ठेवून त्यांनी राजानंदला फोन लावला. मधल्या सुट्टीची वेळ होती.

"बाबा? तब्येत बराबर हाय ना?"

"हो, हो. एक विचारायचं होतं. सांची... वाढदिवसाला वगैरे गेली, तर काय खाते रे?"

"ती जात न्हाई बाबा कुठं. लय दिवस झाले. सुरुवातीला डबा घेऊन जायची. मंग म्हणायला लागली, मला भूक न्हाई. लग्नात नेलं तरी तेच, भूक न्हाई. आता तर कोणी बोलवत बी न्हाई. पोरं बोलवून बोलवून थकतात ना."

अण्णासाहेबांनी भिंतीला हात लावला.

"कामून इचारलं?"

"असंच. मंजूनं विचारलं म्हणून."

"बाबा," राजानंद म्हणाला, "तुम्हाला शाळेतून एक कार्ड आल्तं ना, तवा? सगळ्या पोरांची उत्तरं आल्ती. बाईंनी भिंतीवर लावली. ही रोज पोस्टमनला इचारायची. पोरं चिडवायला लागली, तर बाईंना म्हणली, माझे आजोबा लय हळू लिहितात, एक पण चूक होऊ देत न्हाईत." तो हसला, हसू पुरतं आलं नाही. "जाऊ द्या. ती इथंच हाय, ह्याच शाळेत आता. देऊ का?"

"नको," अण्णासाहेब घाईघाईनं म्हणाले. "सुट्टी आहे, खेळू दे तिला." आणि फोन ठेवल्यावर तेवढा एक शब्द, नको, तोंडात कडू गोळीसारखा राहिला.

मंजूला त्यांनी संध्याकाळी फाटकावरूनच सांगितलं, नात कुठं जात नाही, तेव्हा मला माहीत नाही. मंजूनं त्यांच्याकडं नीट बघितलं. मग म्हणाली, "बरं. मंग मी सगळंच बिनगव्हाचं करते. दोन-दोन परकार कोण सांभाळणार? आमच्यात तर तसंच चालतं. एकाला कांदा न्हाई, एकाला बटाटा न्हाई, एकाला दिवस मावळल्यावर काहीच न्हाई. ज्याला सगळ्यात कमी चालतं, त्याचा सैपाक सगळ्यांना. भांडी पण कमी घासावी लागतात." तिला यात काही विशेष वाटत नव्हतं. ती भांड्यांबद्दलच बोलत होती.

रविवारी जायचं नाही, असं अण्णासाहेबांनी चार वेळा ठरवलं. बेबीनंदाबाईंनी चौथ्या वेळी त्यांच्या हातात शर्ट दिला. "चला. लेकराच्या वाढदिवसाला बी काय पुस्तक वाचून जायचं असतं का?"

समोरच्या घराच्या गच्चीवर कापडी मांडव होता. वीस-पंचवीस मुलं, मे महिन्यातल्या पाखरांसारखी पाण्याच्या जारभोवती. इडल्या होत्या, ढोकळा होता, मक्याचे दाणे, राजगिऱ्याचे लाडू, तांदळाच्या पिठाचा केक. "जरा भुसभुशीत झालाय, हात लावला की सांडतो," मंजू हसत सांगत होती. "तांदूळ घरघंटीवर दळला, आधी दोनदा साफ केली ती. आन हिंग! हिंगात पण गव्हाचं पीठ असतं म्हणे. त्या लेकराच्या मम्मीनं सांगितलं, मला इतक्या वर्षांत पत्ता न्हाई. मंग हिंग पण न्हाई. ढोकळ्याला काही फरक पडला का, सांगा बरं?" भंवरलाल खुर्चीवर बसून घड्याळ बघत होते. "काही फरक न्हाई. पण जल्दी वाढ, सूर्य काय तुझ्यासाठी थांबणार हाय का?"

अण्णासाहेब कठड्याला टेकून उभे राहिले आणि त्या मुलाला शोधू लागले. गहू न चालणारा. हा असेल का, बारीक मानेचा, चष्मेवाला? पण तो दोन्ही हातांनी केक खात होता आणि दुसऱ्याच्या ताटातलाही उचलत होता. मग तो, जो लाडू खिशात कोंबतोय? की ती मुलगी... नाही, मुलगा म्हणाली होती. त्यांनी एकेका चेहऱ्याकडं बघितलं. ज्याच्या हातात वेगळा डबा असेल, जो रांगेबाहेर असेल, जो घास घ्यायच्या आधी कोणाकडं तरी बघेल. असा कोणीच नव्हता. सगळ्यांच्या तोंडाला केकचा भुगा लागलेला, सगळे एकमेकांच्या ताटात हात घालत होते, कोणीतरी कोणाला ढकललं, कोणाची तरी आई ओरडली. पाच वाजले, साडेपाच वाजले. अण्णासाहेबांना तो मुलगा शेवटपर्यंत ओळखता आला नाही.

एवढंच करायचं होतं. प्रीती त्यांच्यासमोर बसून हेच म्हणाली होती, भाकरी, पिठलं, भात, खीर. सगळ्यांना. तेव्हा 'हं' म्हणायचं होतं फक्त. त्यासाठी धीट असावं लागत नव्हतं, अंगणभर ऐकू जाईल असं बोलावं लागत नव्हतं. एक अक्षर पुरलं असतं. सांची त्या रांगेत बसली असती, कोणी तिला ओळखलं नसतं. आणि त्यांनी काय केलं? स्वतःला लागलेली पुरी सगळ्यांना लागते असं धरून चालले, आणि मग त्या पुरीपायी टाकीपाशी बसलेल्या पोरीला तिथून उठवायचं मोठेपणही स्वतःच घेतलं. कठड्यावरची धूळ त्यांच्या तळहाताला लागली होती. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसे ते रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. मागून बेबीनंदाबाई आल्या आणि त्यांच्याशेजारी, त्यांना न शिवता, उभ्या राहिल्या.

"लिवा आता," त्या म्हणाल्या.

"काय?"

"काय म्हंजे? तीन वर्षं झाली, कोशात ठेवून राह्यले. कार्ड उघडं असतंय, मला बी वाचता येतंय चौथीपुरतं. कठड्यावर होतं तवाच वाचलं म्या, तुमच्या आधी."

अण्णासाहेब वळले. "मग तू कधी..."

"वाट पाहून राह्यले ना. पत्र तुम्हाला आल्तं. पुऱ्या करायला म्या बी लावल्या, ते मी प्रीतीजवळ कवाच कबूल केलं, तिच्या घरी जाऊन. पण वाढल्या तुम्ही."

सोमवारी सकाळी चहा झाल्यावर त्यांनी कोरं पोस्टकार्ड पुढ्यात घेतलं. बाकीची पाच टेबलाच्या खणात होती, तीन वर्षांपूर्वी आणलेली. कागदावर आधी कच्चं लिहिलं नाही. लिहिताना दोन ठिकाणी खाडाखोड झाली, ती तशीच ठेवली.

"प्रिय सांची, तुझ्या पत्राला उत्तर द्यायला मला तीन वर्षं लागली. तू बाईंना सांगितलंस, आजोबा हळू लिहितात. ते खरं नाही. आजोबा घाबरतात. पुरीत गहू असतो हे मलाही माहीत होतं. तू आठ वर्षांची होतीस, मी अडुसष्ट. म्हणून त्यात तुझी चूक नाही, थोडीसुद्धा नाही. हे कार्ड आईला दाखव. तिनं तेव्हा सगळ्यांना भाकरी-पिठलं करू म्हटलं होतं, तेच करायला पाहिजे होतं. मी नको म्हटलं. तू हल्ली भूक नाही म्हणतेस, असं कळलं. तुझ्याएवढा असताना मीही म्हणायचो. ते खोटं होतं. मला फार भूक असायची. तुझा आजोबा."

नवीन जालन्याच्या पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीतल्या माणसानं कार्ड उलटंसुलटं केलं. "बाबा, पिनकोड न्हाई लिवला." अण्णासाहेबांना तो पाठ नव्हता. मुलाच्या घराचा पिनकोड. त्या माणसानं स्वतःच लिहून दिला, आणि लिहिता लिहिता त्याचे डोळे मजकुरावरून गेले, जसे कोणाचेही जातील. अण्णासाहेबांनी हात पुढे केला नाही, कार्ड झाकलं नाही. त्याला जे वाचायचं ते त्यानं वाचलं. मग वर न बघता, आवाज जरा खाली आणून तो म्हणाला, "मंठ्याची थैली बारापर्यंत जाते. बाहेर डब्यात नका टाकू, माझ्याकडंच द्या."

"तुमच्याकडंच आहे," अण्णासाहेब म्हणाले.

माणसानं शिक्का मारला आणि कार्ड मागच्या ढिगावर टाकलं.